मैदानावरचा वर्ग
(रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हाला एका दूरच्या देशातली हकिकत सांगणार आहोत. ती वाढलेल्या वजनाची आहे, पुरुषांची आहे आणि फुटबॉलच्या खेळाची आहे. तुम्ही म्हणाल, "त्या परक्या मुलखाशी आमचा काय संबंध?" संबंध आहे. पण तो सांगण्याआधी आम्हाला आमची एक चूक तुमच्यापुढे कबूल केली पाहिजे.

आमच्या संस्थेचा दुसऱ्या एका गावात असाच रात्रीचा वर्ग चालतो. त्या वर्गाला एक गृहस्थ येत असत. वय पंचेचाळीसच्या आसपास. मालाचा ट्रक चालवण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेलेले. दिवसभर बसून काम आणि रात्री ढाब्यावर जेवण. अंगाने ते बरेच सुटले होते. शिकण्यात मात्र हुशार. तीन महिन्यांत ते रस्त्यावरच्या पाट्या वाचू लागले होते.

एके रात्री ते बाकावर बसले आणि बाकाची फळी कडाडली. सगळा वर्ग हसला. आम्ही शिकवणारेही हसलो. तेवढ्यावर थांबलो असतो तर एक वेळ चालले असते. पण आम्ही त्यांनाच पुढे करून आरोग्यावर भाषण दिले. "काका, भात कमी करा. काका, हे पोट कमी करा." त्यांनी मान खाली घालून सारे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवसापासून ते वर्गाला आले नाहीत.

पंधरा दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला. मग म्हणाले, "गुरुजी, माझं वजन मला ठाऊक नाही का? जिना चढताना कळतं. बुटाची नाडी बांधताना कळतं. या वयात अआइई गिरवायला आलो, ही एक लाज होतीच. तुम्ही तिच्यावर दुसरी लाज ठेवलीत."

आम्हाला उत्तर सुचले नाही. आम्ही माफी मागितली. मग त्यांना ही स्कॉटलंडची हकिकत सांगितली. सगळी ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तिथं सगळे माझ्यासारखेच होते का?"

हा प्रश्न तुम्हीही मनात धरून ठेवा. नाव न सांगता ही गोष्ट सांगायला त्यांनी आम्हाला परवानगी दिली आहे.

आता स्कॉटलंडकडे जाऊ. ब्रिटनच्या उत्तरेला हा देश आहे. लोकसंख्या सुमारे ५५ लाख. हवा थंड, पाऊस भरपूर. ग्लासगो हे तिथले सर्वांत मोठे शहर. क्लाइड नदीच्या काठी तिथे एके काळी मोठमोठी जहाजे बांधली जात. पुरुष दिवसभर लोखंड उचलीत, ठोकीत, जोडीत. अंगातून घाम निघे. पुढे जहाजांचे बहुतेक कारखाने बंद पडले. खाणी बंद पडल्या. नवी कामे आली ती खुर्चीवरची किंवा गाडीच्या चाकामागची. अंगाचे कष्ट गेले, पण ताटातले अन्न होते तसेच राहिले. उलट वाढले. तळलेले बटाटे, तळलेले मासे, मांस भरलेली पाय नावाची कचोरी, गोड पेये आणि संध्याकाळची बियर.

शरीराचा हिशेब दुकानाच्या हिशेबासारखा असतो. जमा जास्त आणि खर्च कमी, असे रोज झाले की शिल्लक वाढते. दुकानात शिल्लक वाढली तर आनंदच. अंगात वाढते ती चरबी. आज त्या देशात प्रौढ माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसांचे वजन हवे त्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे दर तीन माणसांत दोन.

पोटावरच्या चरबीने बिघडते काय? नुसते दिसण्याचा प्रश्न असता तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. पोटाच्या आत साठणारी चरबी शरीराच्या कामात अडथळा आणते. रक्तातली साखर वाढते आणि मधुमेह होतो. रक्तदाब वाढतो. हृदयावर ताण पडतो. गुडघे झिजतात. घोरणे वाढते आणि नीट झोप लागत नाही. कमावता माणूस पन्नाशीतच अंथरुणाला खिळला तर घराचे काय होते, ते आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिले आहे.

तिथे वजन कमी करण्याचे वर्ग पूर्वीपासून आहेत. डॉक्टर सल्ला देतात. आठवड्याला जमणारी मंडळे आहेत. पण तिथे कोण जाई? मुख्यतः बायका. पुरुषांना वाटे, मोजूनमापून खाणे हे बायकांचे काम. चारचौघांत काट्यावर उभे राहणे म्हणजे अपमान. दवाखान्यात गेले तर बोलणी बसणार. "छाती दुखेल तेव्हा बघू," असे म्हणून ते दिवस ढकलीत. त्यांच्यापुढे उपदेश पुष्कळ होता. पण उपदेशाच्या दारात ते पाऊलच टाकीत नसत.

मग हे पुरुष आपण होऊन कुठे जात? फुटबॉलच्या मैदानावर.

हे मैदानाचे वेड काय आहे, ते आपल्याकडे कुस्तीच्या फडाला जाणाऱ्याला लगेच समजेल. स्कॉटलंडमध्ये गावोगावी फुटबॉलचे क्लब आहेत. आजोबांचा जो क्लब, तोच बापाचा आणि तोच नातवाचा. क्लबाच्या रंगाचा गळपट्टा बांधून माणसे पावसात उभी राहतात. ग्लासगोचा सेल्टिक हा क्लब १८८७ साली स्थापन झाला. त्या शहराच्या पूर्व भागात तेव्हा फार दारिद्र्य होते. गरीब मुलांना जेवण मिळावे म्हणून पैसा उभा करायचा, या हेतूने वॉलफ्रिड नावाच्या एका धर्मबंधूने तो काढला. पाहा बरे काळाचा महिमा! भुकेल्यांच्या पोटासाठी निघालेल्या त्या क्लबाने पुढे सुटलेल्या पोटांसाठीही आपले फाटक उघडले.

हे फाटक उघडण्याची कल्पना ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी नीट आखली. केट हंट आणि सॅली वाइक या दोन विदुषी त्यांत प्रमुख होत्या. त्यांचा विचार अगदी साधा होता. पुरुष आपल्याकडे येत नाहीत, तर आपणच पुरुषांकडे जावे. ज्या दाराशी माणूस आनंदाने जातो, त्याच दारात आरोग्याची गोष्ट ठेवावी. या कार्यक्रमाला त्यांनी 'फुटबॉल फॅन्स इन ट्रेनिंग' असे नाव दिले. आपल्या भाषेत म्हणायचे तर 'फुटबॉलप्रेमींची तालीम'. २०१० साली काही क्लबांत पहिला प्रयोग झाला. २०११ साली १३ क्लबांत मोठी चाचणी सुरू झाली.

प्रवेश कोणाला? वय ३५ ते ६५. पुरुष. आणि वजन उंचीच्या मानाने बरेच जास्त. किती जास्त? पावणेसहा फूट उंचीचा माणूस असेल तर निदान ८६ किलो. त्याहून हलका असेल तर प्रवेश नाही! आता आमच्या ट्रकवाल्या काकांच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळाले असेल. होय, तिथे सगळे त्यांच्यासारखेच होते. आलेल्यांचे सरासरी वजन जवळजवळ ११० किलो होते. सुटलेले पोट हीच तिथली प्रवेशपत्रिका. मग हसणार कोण आणि कोणाला? थट्टामस्करी होई, पण ती बरोबरीच्या माणसांतली. तशी थट्टा बोचत नाही.

सामन्याच्या दिवशी मैदानावर जाहिरात दिसे. एक मित्र दुसऱ्याला सांगे. माणसे आली. पुष्कळ जण पुढे म्हणाले की, हे दवाखान्यात असते तर आम्ही आलो नसतो.

वर्ग आठवड्यातून एकदा. दीड तासाचा. असे १२ आठवडे. शिकवायला डॉक्टर नव्हते. क्लबाचेच प्रशिक्षक होते. त्यांना त्यासाठी आधी शिकवून तयार केले होते. माणसांना क्लबाच्या रंगाचा सदरा मिळे. ज्या मैदानावर आपले आवडते खेळाडू धावतात, त्याच मैदानाच्या कडेने चालायला मिळे. खेळाडू जिथे कपडे बदलतात ती खोली पाहायला मिळे. लहानपणापासून जी जागा फक्त लांबून पाहिली, तिथे आज आपण उभे आहोत, याचे त्यांना फार अप्रूप वाटे.

दीड तासाचे दोन भाग असत. पहिल्या भागात गोल करून बसायचे आणि बोलायचे. दुसऱ्या भागात हालचाल करायची. सुरुवातीच्या आठवड्यांत बोलणे जास्त, हालचाल कमी. जसजसा दम वाढे तसतशी हालचाल वाढे. शेवटी शेवटी ते आपापसात छोटा सामनाही खेळत.

बोलत काय? शास्त्र सांगत, पण पेलेल इतकेच. एक उदाहरण घ्या. त्या लोकांना बियर मोठ्या पेल्याने प्यायची सवय. एका पेल्यात अर्ध्या लिटरहून थोडी जास्त बियर मावते. तेवढ्या बियरमधून अंगाला मिळणारी ऊर्जा जवळजवळ दोन चपात्यांइतकी असते. चार पेले म्हणजे आठ चपात्या! "आम्ही तर काही खाल्लंच नाही, नुसतं प्यालो," असे म्हणणारा माणूस हा हिशेब ऐकून गप्प बसे. पण कोणी त्याला असे सांगत नसे की, उद्यापासून बियर बंद, पाय बंद. कोणताही पदार्थ वर्ज्य नव्हता. चार पेल्यांचे दोन करता येतील का? ताटली जरा लहान घेता येईल का? असे विचारीत. माणूस स्वतः ठरवी, "या आठवड्यात मी एवढं करीन." पुढच्या आठवड्यात तो सर्वांना सांगे, जमले की नाही जमले. नाही जमले तर शिक्षा नाही. का जमले नाही, यावर सर्व मिळून विचार करीत.

प्रत्येकाला पावले मोजण्याचे एक छोटे यंत्र दिले होते. ते कमरेला लावायचे. आधी आपण रोज किती पावले चालतो ते नुसते पाहायचे. मग थोडी थोडी वाढवायची. बस एक थांबा आधी सोडायची. उद्वाहन सोडून जिना चढायचा. दुकानात चालत जायचे. पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही. संध्याकाळी त्या यंत्रावर आकडा वाढलेला दिसला की माणसाला हुरूप येई.

आणि ध्येय काय ठेवले होते? आपल्या वजनाच्या शंभरातले पाच ते दहा भाग उतरवायचे. ११० किलोचा माणूस असेल तर साडेपाच ते अकरा किलो. सडपातळ नट होण्याचे ध्येय कोणी ठेवले नव्हते. एवढे थोडे वजन उतरले तरी साखर आणि रक्तदाब यांना उतार पडू लागतो.

येथे कोणी शहाणा विचारील, "हे सगळं गोड वाटतं. पण खरं कशावरून?" हा प्रश्न विचारायलाच हवा. त्या संशोधकांनीही तो स्वतःला विचारला. त्यांनी काय केले ते नीट ऐका.

सुमारे साडेसातशे पुरुष आले होते. त्यांचे दोन गट केले. कोण कोणत्या गटात जाणार हे कोणी निवडले नाही. आपण चिठ्ठ्या टाकतो तशा पद्धतीने ते ठरले. म्हणजे उत्साही माणसे एकीकडे आणि आळशी दुसरीकडे, असे झाले नाही. वजन कसे कमी करावे याची छोटी पुस्तिका दोन्ही गटांना दिली. पहिल्या गटाचा वर्ग लगेच सुरू झाला. दुसऱ्या गटाला सांगितले, "तुमचा वर्ग एका वर्षाने." वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांचे वजन केले.

ज्यांना फक्त पुस्तिका मिळाली होती, त्यांचे वजन सरासरी अर्ध्या किलोहून थोडे जास्त उतरले होते. ज्यांना पुस्तिकाही मिळाली आणि मैदानावरचा वर्गही मिळाला, त्यांचे सरासरी साडेपाच किलो उतरले होते. ठरवलेले ध्येय, म्हणजे शंभरात निदान पाच भाग, वर्ग केलेल्यांपैकी शंभरात सुमारे ३९ जणांनी गाठले होते. नुसती पुस्तिका मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे ११ जणांनी. ही चाचणी २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या नामांकित नियतकालिकात छापून आली.

साडेपाच किलो म्हणजे किती? पाच किलो पिठाची पिशवी घ्या आणि तिच्यावर साखरेचा अर्धा किलोचा पुडा ठेवा. ते ओझे सकाळपासून रात्रीपर्यंत उचलून हिंडा. जिना चढा, शेतात जा, झोपतानाही खाली ठेवू नका. ते ओझे खाली ठेवले की गुडघ्याला काय वाटेल, याचा विचार करा.

मंडळी, आम्ही पुस्तके काढणारी माणसे आहोत. म्हणून त्या पुस्तिकेच्या आकड्याने आम्हाला विचारात पाडले. पुस्तिकेत सगळे ज्ञान होते. तरी नुसत्या पुस्तिकेने वजन फारसे हलले नाही. याचा अर्थ पुस्तक वाया आहे असा नव्हे. तुम्हीच सांगा, नुसते अंकलिपीचे पुस्तक घरी नेऊन तुमच्यापैकी किती जण वाचायला शिकले असते? पुस्तक लागतेच. पण त्याच्याबरोबर शेजारी बसलेला, तुमच्यासारखाच अडखळणारा एक सोबती लागतो. "काल का आला नाहीस?" असे विचारणारे कोणीतरी लागते. तुम्ही या वर्गात जे केलेत, तेच त्या माणसांनी मैदानावर केले.

आता या हकिकतीची दुसरी बाजूही सांगतो. नुसती चांगली बाजू सांगणे म्हणजे फसवणूक.

एक तर, उतरलेले सगळे वजन तसे राहिले नाही. सुरुवातीपासून साडेतीन वर्षांनी पुन्हा मोजणी केली. तेव्हा ज्यांची मोजणी झाली, ते पहिल्या दिवसापेक्षा सरासरी तीन किलोंच्या आसपास हलके होते. म्हणजे उतरलेले जवळजवळ निम्मे वजन परत आले. काहींचे सगळे परत आले, काहींचे मुळीच आले नाही. तुम्ही म्हणाल, "मग काय उपयोग?" उपयोग असा. साधारणपणे वय वाढते तसे वजन वाढतच जाते. इथे साडेतीन वर्षांनीही ते खालीच होते. अन् वर्ग फक्त बारा आठवड्यांचा. त्यानंतर अधूनमधून एखादे पत्र आणि एक स्नेहसंमेलन, एवढेच.

दुसरे असे की, काहींना दुखापत झाली. एका माणसाची टाचेमागची जाड शीर तुटली. एकाचे पित्ताशय काढावे लागले. वजन झपाट्याने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका असतो. शेकडो माणसांत असे थोड्यांचेच झाले. तरी त्यापासून शिकायचे ते हे की, घाई करू नये. वीस वर्षे न धावलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी धावू नये. आधी चालावे. ज्याच्या छातीत दुखते, ज्याला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्याने आधी डॉक्टरांना विचारावे. कारण जेवण कमी केले की औषधाचा हिशेबही बदलतो.

तरीसुद्धा ही कल्पना जगभर पसरली. २०१५ आणि २०१६ साली इंग्लंड, नेदरलँड्स, नॉर्वे आणि पोर्तुगाल या चार देशांतल्या १५ फुटबॉल क्लबांत अशाच कार्यक्रमाची चाचणी झाली. तिथेही पुरुषांची पावले वाढली आणि वजन उतरले, जरी स्कॉटलंडइतके नाही. न्यूझीलंडमध्ये लोकांना रग्बीचे वेड. तिथे रग्बीच्या क्लबांत वर्ग सुरू केले. कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे वेड. तिथे हॉकीच्या क्लबांना हाताशी धरले. ऑस्ट्रेलियात त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा आधार घेतला. ज्या देशाचे जे वेड, त्या वेडाच्या पाठीवर बसून आरोग्य आले. स्कॉटलंडमध्ये पुढे बायकांसाठीही असे वर्ग निघाले. तेव्हा इथे बसलेल्या भगिनींनी असे समजू नये की, ही फक्त पुरुषांची गोष्ट आहे.

आता आपल्या गावाकडे वळू.

आपल्याकडच्या माणसाने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपल्या लोकांची अंगकाठी अशी आहे की, गोऱ्या माणसापेक्षा कमी वजनावरच आपल्याला मधुमेह गाठतो. हातपाय बारीक आणि पोट तेवढे पुढे, असे पुष्कळांचे असते. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नका. शिंप्याची टेप घ्या. उभे राहा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. बेंबीच्या पातळीवर टेप फिरवा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, याहून जास्त भरली तर सावध व्हावे. बाईची ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच. हे माप घरीच, एकट्याने घ्या. चारचौघांत सांगायची सक्ती नाही.

आपल्याकडे मोठे क्लब नाहीत हे खरे. पण माणसे जमण्याची ठिकाणे नाहीत का? तालीम आहे. कबड्डीचा संघ आहे. भजनी मंडळ आहे. शाळेचे मैदान आहे. एके काळी ज्यांनी आखाड्यात घाम गाळला, त्यातले कितीतरी जण आज तालमीच्या कट्ट्यावर नुसते बसून असतात. व्यायाम सुटला, खुराक सुटला नाही. त्यांना दवाखान्यात बोलावले तर येणार नाहीत. तालमीत बोलावले तर येतील. तिथे पोरांबरोबर दंड-बैठका काढायला नकोत. मैदानाला चार फेऱ्या मारायच्या, मग बसून बोलायचे. या आठवड्यात कोणी चहातली साखर कमी केली, कोणी रात्रीचा दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात सोडला, कोणाला काहीच जमले नाही. पावले मोजायला वेगळे यंत्रही नको. पुष्कळांच्या खिशातला मोबाईलच ती मोजतो.

आणि एक विनंती पुरुषांना. "बायकोनं करून घातलं, म्हणून खाल्लं," असे म्हणून सारा भार घरच्या बाईवर टाकू नका. ताट तिने वाढले तरी तोंड आपलेच आहे. घरी बसून बोला. तेल किती आणायचे, ते दोघांनी मिळून ठरवा.

सर्वांत महत्त्वाचे सांगतो आणि पुरे करतो. जाड माणसाला तो जाड आहे हे सांगावे लागत नाही. ते त्याला आपल्याआधी ठाऊक असते. त्याला हवी असते अशी जागा, जिथे मान खाली न घालता उभे राहता येईल, आणि अशी माणसे, जी त्याच्या पावलाला पाऊल लावून चालतील. स्कॉटलंडच्या त्या मैदानांनी पुरुषांना हेच दिले. आम्ही आमच्या वर्गात नेमके हेच हिरावून घेतले होते.

ते काका आता पुन्हा वर्गाला येऊ लागले आहेत. येताना त्यांनी एक अट घातली. म्हणाले, "वजनाचा काटा वर्गात आणायचा नाही." आम्ही ती मान्य केली. त्याआधी आम्ही एक काम केले होते. त्या बाकाची जुनी फळी काढून जाड सागवानी फळी ठोकून घेतली होती. ते आले, फळीवर हात फिरवून पाहिला आणि बसले. कोणी काही बोलले नाही. मग त्यांनी पुस्तक उघडले.

गेल्या रविवारी सकाळी ते गावाच्या शाळेच्या मैदानावर तीन फेऱ्या चालले. बरोबर आणखी दोघे होते. एक गिरणीवाले आणि एक निवृत्त तलाठी. तिघांचीही पोटे सारखीच. पुढे काय होईल ते आम्ही आज सांगत नाही. वजन उतरेल, कदाचित थोडे परत चढेल. पण तिघे चालताहेत.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही याही गावच्या शाळेच्या मैदानावर येणार आहोत. टेप बरोबर असेल. ज्याला हवी त्याने घरी नेऊन माप घ्यावे. काटा आणणार नाही. पायांत चालण्याजोगे काहीही घाला. ज्यांना यायचे त्यांनी यावे. शेजारच्यालाही बोलवावे, पण "तुझं पोट वाढलंय, चल" असे म्हणू नये. "मी चाललोय, सोबत येतोस का?" एवढेच म्हणावे.